जॉनी कार्सन यांचे संपूर्ण भाग : रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांविषयीच्या स्मरणरंजनाचा एक प्रकरण अभ्यास

१ जानेवारी २०१६ या दिवशी अमेरिकेतील ‘अँटेना टीव्ही’ या वाहिनीने जॉनी कार्सन यांच्या ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे जुने भाग पुन्हा दाखवण्यास सुरुवात केली. आठवड्याच्या कामाच्या दिवशी एक तासाचे भाग आणि शनिवार-रविवारी १९७० च्या दशकातील दीड तासाचे भाग, अशी त्याची आखणी होती. कार्सन यांनी ‘द टुनाइट शो’चा निरोप घेऊन तेव्हा साडेतेवीस वर्षे उलटली होती आणि त्यांच्या निधनालाही अकरा वर्षे होत आली होती. भागांमधले विनोद वॉटरगेट प्रकरणावर, पेट्रोलसाठी लागलेल्या रांगांवर, राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि रेगन यांच्या कारभारावर बेतलेले होते. पाहुणे ज्या चित्रपटांची जाहिरात करण्यासाठी आले होते, ते चित्रपट केव्हाच पडद्यावरून उतरले होते. इतक्या शिळ्या मजकुराला एका वाहिनीने रोज रात्रीची जागा द्यावी आणि प्रेक्षकांनी तो वर्षानुवर्षे पाहावा, ही घटना मला बारकाईने तपासण्याजोगी वाटते.

अशा आकर्षणाचे एक ठरीव स्पष्टीकरण दिले जाते. प्रेक्षक म्हातारे झाले आहेत, त्यांना आपले तारुण्य आठवते, म्हणून त्यांना त्या काळचे सारेच गोड वाटते, असे ते स्पष्टीकरण. त्यात तथ्य नाही असे नाही, परंतु ते अपुरे आहे. १९७० च्या दशकातील बातमीपत्रे पाहून तारुण्य आठवत असेलच, तरी त्यांच्याविषयी असा जिव्हाळा आढळत नाही. कार्सन यांच्या कार्यक्रमात आणि त्या काळच्या त्याच जातीच्या इतर कार्यक्रमांत जे होते, ते म्हणजे ऐसपैस वेळ. तो वेळ कोणत्या व्यावसायिक परिस्थितीतून निर्माण झाला होता, त्याचा पुरावा आज किती उरला आहे आणि संपूर्ण भाग पाहिल्याशिवाय तो का जाणवत नाही, हे तीन प्रश्न या प्रकरणात एकमेकांत गुंतलेले आहेत.

कार्यक्रमाची घडण

एनबीसी या वाहिनीवर ‘टुनाइट’ हा कार्यक्रम २७ सप्टेंबर १९५४ रोजी देशभर सुरू झाला. स्टीव्ह ॲलन हे त्याचे पहिले सूत्रसंचालक होते आणि सुरुवातीचे विनोदी निवेदन, मेज, वाद्यवृंद, प्रेक्षकांत शिरून केलेली मस्करी, पाहुण्यांशी गप्पा ही सारी चौकट बरीचशी त्यांच्याच काळात बसली. १९५७ ते १९६२ या काळात जॅक पार यांनी त्याच चौकटीत संभाषणाला अधिक महत्त्व दिले. १ ऑक्टोबर १९६२ रोजी विनोदी अभिनेते ग्राउचो मार्क्स यांनी प्रेक्षकांशी ओळख करून दिल्यानंतर कार्सन मंचावर आले आणि २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, ते त्या मेजामागे राहिले. शेजारी साथीदार-निवेदक एड मॅकमॅहन, १९६७ पासून वाद्यवृंदासमोर डॉक सेव्हरिन्सन, मागे रंगीत पडदा आणि निवेदनाच्या शेवटी गोल्फची काठी फिरवल्यासारखा तो हाताचा झोका, हे तीस वर्षांत जवळजवळ बदलले नाही.

कालावधी मात्र बदलत गेला, आणि या प्रकरणात तोच सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. कार्सन आले तेव्हा कार्यक्रम १०५ मिनिटांचा होता. १९६७ मध्ये तो ९० मिनिटांवर आला आणि सप्टेंबर १९८० मध्ये ६० मिनिटांवर. जाहिराती वजा केल्या तरी पहिल्या अठरा वर्षांत दररोज रात्री एक तासाहून अधिक काळ भरून काढणे भाग होते. तेवढा वेळ निव्वळ लिहिलेल्या मजकुरावर काढता येत नाही. त्यासाठी माणसांना बोलू द्यावे लागते, त्यांच्या बोलण्यातील थांबे सहन करावे लागतात, आणि एखादा पाहुणा रंगात येईपर्यंत धीर धरावा लागतो. आज ज्याला आपण त्या कार्यक्रमाची निवांत लय म्हणतो, ती कोणी कलात्मक आग्रहाने घडवलेली नव्हती. ती बऱ्याच अंशी वेळ भरण्याच्या गरजेतून आली होती. त्या वेळी अमेरिकेत देशव्यापी वाहिन्या तीनच होत्या, रात्री उशिरा चित्रपटांच्या पुनःप्रक्षेपणाखेरीज फारशी स्पर्धा नव्हती आणि गप्पांचा कार्यक्रम नाट्यमालिकेच्या तुलनेत स्वस्तात तयार होत असे. प्रेक्षक उठून जाईल ही भीती कमी असल्यामुळेच सूत्रसंचालकाला गप्प बसून ऐकता येत होते.

मुंबई दूरदर्शनच्या एकाच वाहिनीवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाणार नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये ते केंद्र सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षे मुलाखतीचा कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक दुसरीकडे जाऊच शकत नव्हता, आणि त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला घाई नव्हती.

काय उरले आणि काय पुसले गेले

न्यूयॉर्कमधील पहिल्या दशकातले, म्हणजे १९६२ ते १९७२ या काळातले, बहुसंख्य भाग आज अस्तित्वात नाहीत. त्या काळातील दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग होती आणि तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येत असे. रात्रीच्या गप्पा कोणी दुसऱ्यांदा पाहील असे कोणालाही वाटत नव्हते. त्यामुळे फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मे १९७२ मध्ये कार्यक्रम कॅलिफोर्नियातील बरबँक येथे हलवला गेला आणि तेथपासूनचे भाग मोठ्या प्रमाणावर टिकले. पहिल्या दशकातून उरले ते काही तुकडे, सैन्यासाठीच्या प्रक्षेपणाकरिता तयार केलेल्या काही कृष्णधवल प्रती आणि काही ध्वनिमुद्रणे.

या नुकसानीचे सर्वांत बोचरे उदाहरण फेब्रुवारी १९६८ मधले आहे. कार्सन रजेवर असताना गायक-अभिनेते हॅरी बेलाफाँटे यांनी एक आठवडा कार्यक्रम चालवला. कृष्णवर्णीय सूत्रसंचालकाकडे देशातील रात्रीचा सर्वांत मोठा कार्यक्रम आठवडाभर सोपवला जाणे हीच त्या काळात मोठी गोष्ट होती, आणि त्यांच्या पाहुण्यांत मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी होते. त्या दोघांचीही हत्या पुढच्या चार महिन्यांत झाली. त्यांच्या मुलाखती सुदैवाने उरल्या, पण त्या आठवड्यातील बाकी बहुतेक सारे गेले. मला ही हानी कार्सन यांच्या स्वतःच्या हरवलेल्या शेकडो रात्रींपेक्षाही मोठी वाटते, कारण ‘जुन्या टुनाइट शोची आठवण’ या शब्दांनी आज डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्यात तो आठवडा नसतो.

जे तुकडे उरले त्यांनी मात्र आठवणीवर हुकमत गाजवली. एप्रिल १९६५ मध्ये गायक-अभिनेते एड एम्स यांनी फेकलेली कुऱ्हाड लाकडी आकृतीच्या नको त्या ठिकाणी रुतली तो प्रसंग, किंवा १९६९ मध्ये विनोदवीर जॉर्ज गोबेल बोलत असताना शेजारी बसलेल्या गायक डीन मार्टिन यांनी त्यांच्या पेल्यात सिगारेटची राख झटकली तो प्रसंग, वर्धापनदिनाच्या विशेष भागांत पुनःपुन्हा दाखवला गेला. १७ डिसेंबर १९६९ रोजी गायक टायनी टिम यांचे लग्नच कार्यक्रमात लागले आणि ते सुमारे चार कोटी लोकांनी पाहिले, ही गोष्टही अशीच दंतकथा होऊन बसली. १९८३ पासून कार्सन यांच्या विनोदी प्रहसनांची अर्ध्या तासाची संकलने स्वतंत्रपणे दाखवली जाऊ लागली, पुढे निवडक प्रसंगांच्या कॅसेट आणि डिस्क विकल्या गेल्या. १९९२ नंतर दोन दशकांहून अधिक काळ लोकांना कार्सन भेटले ते मुख्यतः अशा निवडीतून. निवडीत अर्थातच स्फोटक क्षण येतात. दोन स्फोटांच्या मधली शांतता येत नाही. ज्या गोष्टीने लोकांना त्या कार्यक्रमाकडे ओढले होते, नेमकी तीच गोष्ट संकलनातून गळत होती.

२०१६ चे पुनःप्रक्षेपण शक्य झाले ते मालकीच्या एका निर्णयामुळे. १९८० च्या करारात कार्सन यांनी कार्यक्रमाचे हक्क स्वतःच्या कंपनीकडे घेतले. टिकलेल्या फिती कॅन्सासमधील हचिन्सन येथील मिठाच्या खाणीत, स्थिर तापमानात ठेवल्या गेल्या आणि २०१० मध्ये सुमारे ३,५०० तासांचे साहित्य संगणकीय स्वरूपात आणून त्याची शब्दशः शोधता येईल अशी सूची तयार करण्यात आली. हे काम कार्सन यांचे भाचे जेफ सॉट्झिंग यांच्या देखरेखीखाली झाले. ‘द टुनाइट शो’ हे नाव मात्र एनबीसीचे असल्यामुळे अँटेना टीव्हीवर तेच भाग केवळ ‘जॉनी कार्सन’ या नावाने दिसू लागले.

संपूर्ण भागात काय दिसते

संपूर्ण भाग पाहणाऱ्याच्या लक्षात पहिली गोष्ट येते ती अपयशाची. सुरुवातीच्या निवेदनातील बरेच विनोद पडतात. कार्सन थांबतात, ध्वनिक्षेपकावर टिचकी मारून पाहतात, वाद्यवृंदाकडे वळतात. वादक एक जुनी नाचाची धून धरतात आणि कार्सन पडलेल्या विनोदाच्या जागी पावले टाकू लागतात, तेव्हा हशा येतो. यशस्वी विनोदांच्या संकलनात हे कधीच दिसत नाही, कारण पडलेला विनोद कोणी निवडत नाही. पण प्रेक्षकाचे सूत्रसंचालकाशी नाते जुळते ते याच क्षणी. रोज रात्री तोच माणूस समोर येऊन धोका पत्करतो, कधी फसतो आणि फसल्याचे लपवत नाही, हे तीस वर्षे पाहिल्यावर त्याच्याविषयी जी आपुलकी तयार होते ती विनोदाच्या दर्जावर अवलंबून राहत नाही.

दुसरी गोष्ट सोफ्याची. पाहुणा आपले बोलणे संपवून लगेच निघून जात नसे. पुढचा पाहुणा आला की तो सोफ्यावर सरकून बसे. त्यामुळे एका टोकाला चित्रपट अभिनेत्री, मध्ये विनोदवीर आणि कार्सन यांच्या शेजारी प्राणिसंग्रहालयातील तज्ज्ञ, असा मेळ जमत असे आणि कोणी कोणाच्या बोलण्यात भर घालत असे. १९७३ पासून खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन या सोफ्यावर अनेकदा आले. कार्सन यांना स्वतःला खगोलशास्त्राची हौस असल्यामुळे त्यांचे प्रश्न जाणत्या विद्यार्थ्याचे असत. करमणुकीसाठी जागणाऱ्या लाखो लोकांना त्याच बैठकीत ग्रहताऱ्यांविषयी सविस्तर ऐकायला मिळत होते, आणि मधूनच विनोद करून शास्त्रज्ञाला सोडवण्याची घाई कोणाला नव्हती. नव्या विनोदवीराच्या दृष्टीने तर तो सोफा म्हणजे पदवीच होती. सादरीकरण संपल्यावर कार्सन यांनी हाताने बोलावले, तर एका रात्रीत नशीब उघडत असे.

दोन प्रसंगांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. १९८१ मध्ये ज्येष्ठ अभिनेते जेम्स स्ट्यूअर्ट यांनी आपल्या मेलेल्या कुत्र्यावर स्वतः लिहिलेली कविता खिशातून काढून वाचली. सुरुवातीला प्रेक्षक हसतात, कारण कुत्र्याच्या खोड्यांचे वर्णन गमतीचे आहे. मग हशा विरत जातो, स्ट्यूअर्ट यांचा आवाज कापतो आणि कार्सन डोळे पुसतात. हा बदल घडायला काही मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांत कोणीही मध्ये बोलत नाही. दुसरा प्रसंग १९८७ मधला, इंडियानातील एका वेफर्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या वृद्ध बाईंचा. त्यांनी माणसांसारखे आणि प्राण्यांसारखे दिसणारे बटाट्याचे वेफर्स वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. त्या एका क्षणासाठी दुसरीकडे वळल्या आणि त्यांना कुरकुर आवाज ऐकू आला; कार्सन वेफर खात होते. बाईंचा जीव खाली-वर होतो, आणि मग कार्सन मेजाआडून स्वतःच्या वेफर्सचा वाडगा काढून दाखवतात. ही थट्टा साधली ती आधीच्या संभाषणामुळे. कार्सन यांनी तोवर प्रत्येक वेफरची मनापासून चौकशी केली होती, बाईंना जराही हिणवले नव्हते, आणि म्हणून त्यांच्या संग्रहाचे मोल प्रेक्षकालाही पटले होते. कुरकुर आवाजाचा अर्धा मिनिट वेगळा कापला तर हसू येते; संपूर्ण मुलाखत पाहिली तर त्या बाईंविषयी आदर वाटतो.

रात्र, आणि सर्वांनी मिळून पाहणे

बरबँकमध्ये हा कार्यक्रम रात्री होत नसे. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तो मुद्रित होई आणि पूर्वेकडील राज्यांत साडेअकराला दिसे. म्हणजे ज्या मध्यरात्रीच्या जवळिकीची आठवण लोक काढतात, ती स्टुडिओत नव्हती; ती पाहणाऱ्याच्या घरात होती. दिवे मालवलेले, घरातील इतर झोपलेले, आणि झोप येईपर्यंत चालू असलेला एकच आवाज. अँटेना टीव्हीने हे भाग रात्रीच लावले, हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. हेच भाग दुपारी लावले असते तर ते ऐतिहासिक साहित्य ठरले असते.

रात्रीच्या त्या एकांताला सार्वजनिक बाजूही होती. डिसेंबर १९७३ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका लोकप्रतिनिधीने सरकारी खरेदीतील शौचालयाच्या कागदाच्या टंचाईविषयी व्यक्त केलेली चिंता कार्सन यांनी निवेदनात विनोदासाठी वापरली, आणि पुढच्या दिवसांत देशभरच्या दुकानांतून तो कागद नाहीसा झाला. टंचाई नव्हतीच, ती विनोदाने निर्माण केली. कार्सन यांना नंतर खुलासा करावा लागला. आज हा किस्सा हसून सांगितला जातो, पण मला त्यात एकाच वेळी, एकच गोष्ट ऐकणाऱ्या प्रचंड समूहाचे मोजमाप दिसते. २२ मे १९९२ च्या अखेरच्या भागाला, ज्यात एकही प्रसिद्ध पाहुणा नव्हता, सुमारे पाच कोटी प्रेक्षक लाभले. दुसऱ्या दिवशी कचेरीत भेटणाऱ्या माणसाने तेच पाहिले असणार, ही खात्री हा त्या आकर्षणाचा मोठा भाग आहे, आणि पुनःप्रक्षेपणातून ती मिळत नाही. जुना भाग आज पाहणारा माणूस एकटाच पाहतो.

आक्षेप

संपूर्ण भाग दाखवण्याची किंमतही मोजावी लागते. कार्सन यांनी रंगवलेल्या आर्ट फर्न नावाच्या पात्राच्या प्रहसनांत शेजारी उभ्या केलेल्या तरुणीचे काम बहुतांशी तिच्याकडे पाहिले जाणे एवढेच होते. स्त्रियांवरचे, पोटगीवरचे विनोद पुनःपुन्हा येतात. विनोदवीर म्हणून संधी मिळालेल्यांत पुरुषांची गर्दी आहे. पहिल्याच सादरीकरणानंतर सोफ्यावर बोलावली गेलेली पहिली स्त्री विनोदवीर एलेन डीजेनरस, आणि तेही १९८६ मध्ये. त्याच वर्षी विनोदवीर जोन रिव्हर्स यांनी, ज्या १९८३ पासून कायमच्या पर्यायी सूत्रसंचालक होत्या, फॉक्स वाहिनीवर स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा कार्सन यांनी त्यांच्याशी बोलणे कायमचे तोडले. त्या मंचावर रिव्हर्स पुन्हा दिसल्या त्या २०१४ मध्ये, कार्यक्रमाचे नवे सूत्रसंचालक जिमी फॅलन यांच्या काळात. मायाळू यजमानाची जी प्रतिमा संकलनांनी घडवली, तिच्यात हा कठोरपणा बसत नाही. संपूर्ण भाग ही प्रतिमा दुरुस्त करतात, आणि ज्याचे त्या काळावर खरे प्रेम आहे त्याने त्याबद्दल तक्रार करू नये. दोष गाळून दाखवलेला कार्सन मला कमी विश्वासार्ह वाटतो.

अनुकरणाचा प्रश्न

फेब्रुवारी २०१४ मध्ये फॅलन यांनी ‘द टुनाइट शो’ पुन्हा न्यूयॉर्कला, रॉकफेलर प्लाझामधील त्याच ६-बी स्टुडिओत आणला जेथे कार्सन यांनी सुरुवात केली होती. पडदा, वाद्यवृंद, मेज सारे होते. परंतु कार्यक्रमाची आखणी दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर फिरणाऱ्या तुकड्यांना धरून झाली होती : खेळ, गाण्यांच्या नकला, पाच-सात मिनिटांचे स्वतंत्र प्रसंग. यात फॅलन यांचा दोष नाही. ज्या प्रेक्षकापुढे शेकडो पर्याय आहेत, त्याच्यासमोर स्ट्यूअर्ट यांच्यासारखा पाहुणा कवितेचा कागद उलगडेपर्यंत थांबण्याची जोखीम कोणती वाहिनी घेईल? जुलै २०२५ मध्ये सीबीएस वाहिनीने स्टीफन कोल्बेअर यांचा ‘द लेट शो’ हा रात्रीच्या गप्पांचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. कारण आर्थिक असल्याचे वाहिनीने सांगितले. राजकीय दबावाची शंकाही उघडपणे घेतली गेली. कारण कोणतेही असो, डेव्हिड लेटरमन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाला नवा सूत्रसंचालक शोधण्याऐवजी वाहिनीला ती जागाच सोडून द्यावीशी वाटणे, यावरून रात्रीच्या त्या वेळेचे व्यापारी मूल्य किती घटले आहे ते कळते.

म्हणून या स्मरणरंजनाला उत्तर नव्या कार्यक्रमाने देता येईल असे मला वाटत नाही; ते संग्रहाच्या जपणुकीनेच देता येईल, आणि तेथे करण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या भागांतील प्रत्येक गाण्याचे हक्क वेगळे सोडवावे लागतात, आणि संगीताचा भाग गाळला तर ९० मिनिटांच्या भागाचा तोल जातो. त्या हक्कांवर खर्च करणे योग्य ठरेल. प्रत्येक भागापूर्वी मूळ प्रक्षेपणाची तारीख आणि त्या आठवड्यातील घडामोडींची दोन ओळींची नोंद दिली, तर तरुण प्रेक्षकालाही निवेदन उमगेल. आणि १९६२ ते १९७२ या दशकातील कृष्णधवल प्रती व घरगुती ध्वनिमुद्रणे जेथे कोठे असतील तेथून मिळवण्याचे काम, बेलाफाँटे यांच्या आठवड्यापासून सुरुवात करून, ती ऐकणारी माणसे हयात असतानाच झाले पाहिजे.